आतनं कसं चालतंय?

(कबनूर, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर इथं तरुण कार्यकर्ते, शिक्षक आणि यंत्रमाग कामगारांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मागं भिंतीला टेकून उभे असलेले जॉबर मामा लोक, तुम्ही पुढं येऊन बसा. आज बोलायचंय ते तुमच्याशी संबंधित आहे.

विषय दिलाय, लहान पोरांना तंत्रज्ञान कसं शिकवायचं. मी मॅट्रिक झालेला माणूस. मुंबईच्या गोदीत कंत्राटावर हमाली करतो आणि कविता लिहितो. दोन्हीत पैसा नाही. असल्या माणसानं तंत्रज्ञानावर काय बोलायचं, असं इथं कुणाला वाटत असेल, तर त्याला मी दोष देत नाही. तसं वाटायलाच आपल्याला शिकवलंय. यंत्राला हात लावायचा आपण, यंत्रावर बोलायचं दुसऱ्यानं. घाम आपला, मॅन्युअल त्यांचं. ही वाटणी कुणी केली ते आधी बघू, मग पोरांच्या वर्गात जाऊ.

शाळेत सांगतात, यंत्राला जात नसते. हे वाक्य कबनुरात बसून ऐकून घ्यायचं? इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला. तेव्हापासून सव्वाशे वर्षं होत आली, या पट्ट्यातल्या गल्ल्यांत मागाच्या खटखटीशिवाय रात्र सरत नाही. आपल्याला धोटा ठाऊक आहे, म्हणून मी धोट्याचीच गोष्ट सांगतो. ती इथली नाही, मुंबईच्या गिरण्यांतली आहे.

त्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नव्हते. पगार त्या खात्यात जास्त. आमची माणसं कताई खात्यात, कमी पगारावर. कारण काय सांगायचे? धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातनं तोंडानं ओढून घ्यायचं. महाराचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? बास. एवढ्यावर हजारो माणसांच्या पगाराचा निकाल लागला. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. कामगारांची एकजूट म्हणता, मग विणकाम खातं आमच्यासाठी उघडा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घ्या. पुढाऱ्यांनी घेतली, पण कुरकुरत.

ध्यानात घ्या. माग विलायतेतला. लोखंड विलायतेतलं. त्यात जात नव्हती. पण राईएवढ्या भोकात आपल्या देशानं अख्खी मनुस्मृती बसवून दाखवली. म्हणून यंत्र बघितलं की पहिला प्रश्न ते काय काय करतं हा नाही. याला हात कोण लावणार आणि कुणाला लावू देणार नाही, हा पहिला प्रश्न.

आता धोटा तोंडानं ओढत नाहीत. मग प्रश्न मिटला का? मी ज्या शाळेत शिकलो तिथं एक संगणक खोली होती. नाव सांगत नाही, अशा शाळा पायलीला पन्नास आहेत. संगणकांवर फुलाफुलांची कापडं. कपाटाला कुलूप, दाराला कुलूप. वर्षातनं दोनदा ते दार उघडायचं, साहेब तपासणीला यायचे तेव्हा. आदल्या दिवशी खोली झाडायला आम्हा चार पोरांना बोलवायचे. चौघंही आमच्याच वस्तीतली. झाडून झालं की चपला हातात घेऊन बाहेर. साहेबांपुढं माऊस धरायला दुसरी पोरं बसायची. कुणी शिवी दिली नाही. कुणी जात काढली नाही. व्यवस्था इतकी मुरलेली असली की बोलायची गरज पडत नाही.

ही जुनी लढाई आहे. १८८२ ला हंटर कमिशनपुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या करावर वरच्या जातींची उच्च शिक्षणं चालतात आणि खेड्यातल्या पोराला धड प्राथमिक शाळा नाही, हे त्यांनी सरकारला सुनावलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणाले. शिक्षक शेतकरी वर्गातले घ्या, त्यांना बरा पगार द्या, अभ्यासात मोडी आणि हिशेबाबरोबर शेतीचं ज्ञान ठेवा म्हणाले. म्हणजे ज्या पोराचा बाप औत धरतो त्याच्या शाळेत औताची विद्या पाहिजे, आणि शिकवणाऱ्यालाही औत माहीत पाहिजे. आज औताच्या जागी माग आहे, मोबाईल आहे. मागणी तीच.

त्यानंतर आपल्याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. १९२० च्या मार्चमध्ये २१ आणि २२ तारखेला इथनं जवळच्या माणगावात परिषद झाली. बाबासाहेब अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः आले होते. आपण त्या मातीत बसलोय. शंभर वर्षांनी, बरोबर शंभर वर्षांनी, १९२० ऐवजी २०२० साल आलं आणि काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. राज्यानं अभ्यासमाला काढली, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’. शिक्षण कुठं आहे? मोबाईलमध्ये. मोबाईल कुठं आहे? बापाच्या खिशात. सरकारचाच २०१७-१८ चा राष्ट्रीय नमुना पाहणीचा आकडा सांगतो, ग्रामीण भारतात संगणक असलेली घरं शंभरात चार-पाच, इंटरनेट असलेली पंधरा. ‘असर’च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या शाळकरी पोरांपैकी ज्यांच्या घरात स्मार्टफोन आहे त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झालं. दोन वर्षांत एवढी उडी. गरिबानं कानातलं मोडलं, उधारी केली आणि पोरासाठी फोन घेतला. पण त्याच पाहणीत शाळेकडनं त्या आठवड्यात काहीतरी अभ्यास पोचलेली पोरं साधारण तीनातलं एक. फोन आला, शाळा आली नाही.

केरळ बघा. तिथल्या सरकारी शाळांचं काम देशात सगळ्यात पुढं. २००१ पासून शाळांमधनं संगणक शिकवतात, कंपनीच्या महागड्या प्रणाली सोडून फुकटच्या मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवतात, आणि शिक्षकांना शिकवायला शिक्षकच तयार केले. त्या केरळात जून २०२० मध्ये ऑनलाईन वर्ग सुरू झाले आणि त्याच दिवशी एका दलित मजुराच्या पोरीनं जीव दिला. घरातला टीव्ही बिघडलेला आणि स्मार्टफोन नाही. सगळ्यात चांगल्या व्यवस्थेतसुद्धा शेवटच्या घरात पोचायच्या आत वायर तुटते. आमचं घर नेहमी त्या तुटलेल्या टोकाला असतं.

मे २०२० मध्ये मी मुंबईहून गावी आलो. गोदीत कंत्राटी माणसाला काम नव्हतं. इथं माग बंद. पोरं गल्लीत मोकाट. पहिली ते चौथीची बावीस पोरं विहारात गोळा केली, तोंडाला फडकी बांधून, लांब लांब बसवून. आमच्याकडं चार फोन, त्यातला एक फुटक्या काचेचा. पहिल्या दिवशी सरकारी व्हिडिओ लावला. पोरं दहा मिनिटं गप बसली. मग तिसरीतली एक पोरगी उठली, फोन उलटा केला, पाठीवर टिचकी मारली आणि म्हणाली, “ह्ये आतनं कसं चालतंय ओ दादा?”

दोस्तांनो, तंत्रज्ञानाचा सगळा अभ्यासक्रम या एका प्रश्नात आहे. व्हिडिओत काय आहे ते बघा, बटण दाबा, उत्तराला टिक करा, एवढंच शिकवलं तर आपण गिऱ्हाईक तयार करतो. आमच्या आज्याचा अंगठा सावकारानं शाईत बुडवून कागदावर घेतला. आता नातवाचा अंगठा काचेवर फिरतोय, तासन् तास. शाई लागत नाही एवढाच फरक. कागदावर काय लिहिलंय ते आज्याला वाचता येत नव्हतं, आणि काचेमागं काय लिहिलंय ते नातवाला वाचता येत नाही. पोरगी ते वाचायला मागत होती.

मला एकट्याला ते शिकवता येणारं नव्हतं, कुणालाच एकट्याला येत नाही. म्हणून आम्ही शिकवणारे गोळा केले. जिल्हा परिषद शाळेतल्या एक बाई, अंगणवाडीच्या ताई, आयटीआय केलेला एक वायरमन आणि मागाचे जॉबर मामा. मामा सातवी नापास. दर शनिवारी रात्री हे सगळे बसायचे आणि आठवड्यात पोरांनी काय विचारलं तेवढंच बोलायचं, असा नियम. कोण किती शिकवून आला ते सांगायचं नाही. तिथं मी जे शिकलो ते सांगतो.

बाईंनी पहिला धडा दिला, हात पाठीमागं बांधायचे. शिकवणाऱ्या सगळ्यांची एक खोड असते. पोरगं अडलं की त्याच्या हातातनं वस्तू घ्यायची, पटकन करून दाखवायची, परत द्यायची. पोराला वाटतं, आपल्या हातात काही नाही. बाई म्हणायच्या, तुम्ही तोंडानं विचारा, हात लावू नका. “आता काय होईल असं तुला वाटतंय?” एवढंच विचारायचं आणि थांबायचं. थांबणं लई अवघड. पण पोरगं आधी अंदाज करतं, मग दाबतं, मग अंदाज चुकला की खवळून पुन्हा बघतं. तिथं शिकणं होतं.

मामांचा धडा दुसरा. माग बिघडला की मामा आधी हात घालत नाहीत, कान लावतात. मग बंद करतात. मग एकेक भाग सोडत येतात, हे ठीक, हे ठीक, ह्ये बिघडलंय. पांढरपेशे लोक याला मोठं नाव देतात आणि अभ्यासक्रमात घालतात. मामांनी भंगारवाल्याकडनं जुन्या डॉबीच्या पट्ट्या आणल्या. इथल्यांना ठाऊक आहे, पण आपला अंक मुंबई-पुण्यात वाचतात, म्हणून सांगतो. मागाला वही असते आणि फणी असते. वही म्हणजे ताण्याचे दोरे ज्यातनं ओवतात ती चौकट. कुठली वही वर जाणार आणि कुठली खाली राहणार, त्यावर कापडाची नक्षी ठरते. डॉबीत लाकडी पट्ट्यांची साखळी असते, पट्टीला भोकं असतात. भोकात खुंटी असली की त्या नंबरची वही वर, नसली की खाली. पट्ट्या फिरत राहतात, नक्षी उमटत राहते.

खुंटी आहे, खुंटी नाही. एक आणि शून्य. संगणकाच्या पोटात दुसरं काय असतं? १८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये जॅकार नावाच्या माणसानं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग केला. जिथं भोक तिथं दोरा वर. तीच युक्ती बघून इंग्लंडातल्या चार्ल्स बॅबेजनं १८३० च्या दशकात आपल्या गणनयंत्रासाठी भोकांचे पुठ्ठे घ्यायचं ठरवलं. १८९० ला अमेरिकेची जनगणना हॉलेरिथनं भोकांच्या कार्डांवर मोजली. संगणकाच्या घराण्यात माग आजा लागतो. आणि आमच्या पोरांना आतापर्यंत सांगितलं जायचं की संगणक हे शहाण्यांचं काम, माग हे तुमच्या बापाचं.

पोरांनी पाटीवर आठ बाय आठचे चौकोन आखले. भरलेला चौकोन म्हणजे खुंटी. कुणी पान काढलं, कुणी चाक, एकानं नुसता ‘भी’ काढला आणि म काढायला जागा उरली नाही म्हणून रडला. मग एकानं शून्य-एक वाचायचं आणि दुसऱ्यानं न बघता काढायचं. एक खुंटी चुकली की काय होतं? मामांनी कापडाचा तुकडा आणून दाखवला. तीच चूक दर चार बोटांवर पुन्हा, पुन्हा, अख्ख्या थानावर. एका पोरानं विचारलं, “मागाला कळत न्हाई व्हय?” मामा म्हणाले, “मागाला काय कळतंय? खुंटी मारणाऱ्याला इचार.”

हे वाक्य लिहून ठेवा. केंद्र सरकारनं २०२५ मध्ये जाहीर केलंय की २०२६-२७ पासून तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायची. चांगलं आहे, शिकवा. पण ते यंत्र मागच्या जगातली माहिती खाऊन शहाणं होतं. मागच्या जगात नोकरी कुणाला मिळाली, कर्ज कुणाला मिळालं, पोलिसांच्या दप्तरात कुणाच्या वस्तीचं नाव पुन्हा पुन्हा आलं, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या माहितीत जात खुंटीसारखी ठोकलेली आहे. ती थानभर उमटणार, आणि वर म्हणणार, यंत्रानं सांगितलंय, यंत्राला जात नसते. तिसरीतल्या पोराला हे कळत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला आमच्या विहारात पाठवा. आमच्या पोराला कळलंय.

तिसरा धडा अंगणवाडीच्या ताईंचा. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत नेऊन दिले. वापसी आंदोलन केलं. फोन हलक्या दर्जाचे, बिघडणारे, दुरुस्तीचा भुर्दंड बाईच्या माथी आणि पोषण ट्रॅकरचं ॲप इंग्रजीत. पेपरवाल्यांनी काहींनी लिहिलं, बायकांना तंत्रज्ञान झेपत नाही. ताई त्या शनिवारी आल्या आणि म्हणाल्या, झेपतंय म्हणूनच परत दिला. कुठं अडतंय, का अडतंय, कुणाच्या सोयीचं आहे, हे वापरून वापरून कळलं तेव्हा परत दिला. मी म्हणतो, तंत्रज्ञानाच्या शिक्षणाची वरची पायरी ती. यंत्र चालवता आलं पाहिजे, उघडता आलं पाहिजे, आणि नीट नसलं तर मालकाच्या टेबलावर परत आपटता आलं पाहिजे.

चौथा धडा पोरांकडनं आला. १९६७ साली अमेरिकेत पॅपर्ट, सॉलोमन आणि फॉयरझाइग यांनी पोरांसाठी लोगो नावाची संगणकाची भाषा केली. पुढं त्यात कासव आलं. पोरगं कासवाला हुकूम देतं, पुढं जा, वळ, आणि कासव चित्र काढतं. मुद्दा हा की पोरगं यंत्राला चालवतं, यंत्र पोराला नाही. बाईंनी हे संगणकाशिवाय केलं. विहाराच्या अंगणात खडूनं चौकोन आखले. एक पोरगं कासव, दुसरं हुकूम देणार. दोन पावलं पुढं, उजवीकडं वळ, एक पाऊल. हुकूम चुकला तर कासव भिंतीवर जाऊन आदळणार, कारण कासवानं स्वतःचं डोकं वापरायचं नाही.

आठवडाभर खेळ चालला. सातव्या दिवशी तीच तिसरीतली पोरगी चौकोनाच्या बाहेर येऊन उभी राहिली. म्हणाली, “मी कवाधरनं कासवच हाय. आता मी सांगनार, ह्यो चालनार.” आम्ही मोजलं. खरंच, हुकूम द्यायला पोरं, कासव व्हायला पोरी. आणि पोरींतही पुन्हा वस्तीच्या खालच्या अंगाच्या. कुणी ठरवलं नव्हतं. त्या रात्रीपासून नियम झाला, दर फेरीला अदलाबदल. हा नियम कुठल्या प्रशिक्षणात सांगितलेला मी ऐकला नाही. तो एका आठ वर्षांच्या पोरीनं घातला.

शिक्षक एकमेकांकडनं शिकतात तेव्हा काय होतं याचे पुरावे महाराष्ट्रात आहेत. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट घ्या. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी फरशीवर, दगड-बिया-काड्यांवर पोरं शिकवून दाखवली आणि राज्यभरातनं शिक्षक तिथं बघायला गेले. जीआर वाचून नाही गेले, दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग बघायला गेले. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकावर क्यूआर कोड चिकटवले. पुढं ते बालभारतीच्या पुस्तकांवर आले, एनसीईआरटीनं घेतले. २०२० ला त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यातले अर्धे पैसे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटले. मला त्या कोडपेक्षा ही वाटणी मोठी वाटते. शिक्षणातली स्पर्धा ही शेठजींची कल्पना आहे. आमच्या परंपरेत वाटणी आहे. १८५६ ला सावित्रीबाई आजारपणात नायगावला होत्या, तिथनं जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांना काळजी कुणाची? मागं त्रास सोसणाऱ्या फातिमेची. सोबतच्या शिक्षकाची आठवण ठेवणं, शिक्षणाची चळवळ तिथनं सुरू होते.

आणि आता शासनाचा एक शब्द आहे, तंत्रस्नेही शिक्षक. शब्द गोंडस आहे. पण बिल थकलं म्हणून जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचल्यात. लोकवर्गणीतनं टीव्ही आणायचा, गुरुजींनी खिशातनं रिचार्ज मारायचा, आणि वर चार ॲपवर माहिती भरायची. शिकवायच्या तासात फोटो अपलोड. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय पाहिजे त्याची यादी आहे, खोल्या, संडास, पाणी, मैदान, कुंपण, ग्रंथालय. संगणकाचं नाव नाही. म्हणजे शहरातल्या पैसेवाल्या शाळेत रोबोट, आणि आमच्या शाळेत तो हक्क नाही, दान. दान देणारा फलकावर नाव लावतो आणि फोटोत आमच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवतो. आम्हाला खांद्यावर हात नको. हातात किल्ली पाहिजे.

हे सगळं मी का सांगतोय? गोदीमुळं. १९४८ च्या कायद्यानं गोदी कामगाराला नोंदणी मिळाली, कामाची हमी मिळाली. लढून मिळाली. १९५६ ला अमेरिकेत एका जहाजावर ५८ लोखंडी पेट्या चढल्या. कंटेनर. दिसायला काय, पत्र्याची पेटी. पण पोत्यामागं पोतं उचलणाऱ्या टोळ्यांचं काम त्या पेटीनं गिळलं. १९८९ ला पलीकडं न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं, कंटेनर तिकडं गेला, आणि मुंबईच्या गोदीतल्या टोळ्या विरत गेल्या. आज मी तिथं पोलादाच्या मालाला साखळ्या अडकवतो, कंत्राटावर, हमी नाही. जुने कामगार सांगतात, पेटी आली तेव्हा आम्हाला वाटलं, पेटीच तर आहे. जिनं पोट मारलं ती वस्तू डोळ्यांपुढं होती, आणि तिच्यात काय आहे हे समजावून सांगणारी शाळा नव्हती.

इचलकरंजीत आता बिनधोट्याचे माग येतायत. एक माणूस किती माग बघणार, कांडीवाल्या बाईचं काय, वहिफणी करणाऱ्या हातांचं काय? ही पोरं वीस वर्षांची होतील तेव्हा त्यांच्यापुढं अशी दहा यंत्रं येतील. त्यांना पेटी बघून पेटीच तर आहे असं वाटता कामा नये. त्यांनी टिचकी मारून विचारलं पाहिजे, ह्ये आतनं कसं चालतंय? कुणासाठी चालतंय? ह्यात आमची जागा कुठं? म्हणून मी यंत्राच्या विरुद्ध नाही. यंत्र तोडून जात तुटत नाही, आणि नुसतं यंत्र आणूनही तुटत नाही.

आता भाषण बास, काम सांगतो. एक, प्रत्येक विहारात एक टेबल. त्यावर पाना, पेचकस, मेलेले मोबाईल, बिघडलेला रेडिओ, डॉबीच्या पट्ट्या. वीज आणि बॅटरीचं काम असलं की वायरमन शेजारी पाहिजे, त्याशिवाय उघडायचं नाही. दोन, शनिवारची बैठक. शिक्षक, सेविका, जॉबर, कांडीवाली, गवंडी. डिग्री विचारायची नाही, पोरांनी काय विचारलं ते विचारायचं. बैठकीत पहिलं बोलणं ज्याचं शिक्षण कमी त्याचं. तीन, शाळेत संगणक असेल तर त्याच्या खोलीची किल्ली आणि वेळापत्रक मागायला पालकांनी जायचं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असले पाहिजेत असं शिक्षण हक्क कायदाच म्हणतो. त्या खुर्च्यांवर जाऊन बसा. कोण पोरं बसतात, कोण झाडतात, वहीत लिहा. आणि चार, हुकूम देणारा आणि कासव, दर फेरीला अदलाबदल. हा नियम पोरांच्या खेळात लावा, आपल्या बैठकीत लावा, आपल्या संघटनेत तर आधी लावा. तिथंही भाषण करायला आम्ही, सतरंज्या उचलायला पोरी, हे चालायचं नाही.

मी उद्या रात्रीच्या गाडीनं कामावर चाललो. वर्ग थांबलेला नाही, बाई आणि मामा चालवतायत. ती पोरगी आता आठवीत आहे आणि लहान पोरांची शनिवारची वही तिच्याकडं असते. तुमच्यातलं कोण या शनिवारपासनं येणार, ते आत्ता हात वर करून सांगा. नावं ती लिहून घेईल.

जयभीम.